संवादाची परंपरा : अथेन्स ते कोलकाता

बालीगंजहून उत्तरेस पार्क स्ट्रीटच्या दिशेने गेल्यास एक जुनी इंग्रजकालीन दफनभूमी लागते. हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ या शिक्षकाचे अंतिम विश्रांतिस्थान तेथेच आहे. त्यांच्या अल्प जीवनाचा धागा प्राचीन अथेन्सशी जुळतो.

सॉक्रेटिसाने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. त्याचा शिष्य प्लेटो याने संवाद रचून गुरूची विचारपद्धती चिरंतन केली. ‘मीनो’ या संवादात सॉक्रेटिस केवळ प्रश्न विचारत एका अशिक्षित गुलाम मुलाला भूमितीतील सिद्धांतापर्यंत नेतो. ‘युथिफ्रो’मध्ये मात्र धर्मनिष्ठा म्हणजे काय, हा प्रश्न अखेरपर्यंत अनिर्णितच राहतो. सिद्ध उत्तर देण्यापेक्षा शोधाची प्रेरणा देणे, हे या संवादांचे मर्म होय. पुढे सिसेरो, गॅलिलिओ आणि ह्यूम यांनीही गहन विषयांसाठी संवादाचेच रूप स्वीकारले. परंतु नगराच्या देवतांना न मानणे आणि तरुणांना बिघडवणे या आरोपांवरून इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला विषप्राशन करावे लागले.

डेरोझिओ १८२६ मध्ये हिंदू कॉलेजात शिक्षक झाले. त्यांच्या ‘अकॅडेमिक असोसिएशन’मध्ये कृष्णमोहन बंदोपाध्याय, रामगोपाल घोष यांच्यासारखे विद्यार्थी निर्भयपणे वाद करीत. हे स्वातंत्र्य समाजातील अनेकांना रुचले नाही. नास्तिकता व आईवडिलांची अवज्ञा शिकवल्याचा ठपका येऊन एप्रिल १८३१ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. विल्सन यांना पाठविलेल्या उत्तरात त्यांनी स्पष्ट केले, की ईश्वरविषयक शंका मांडणारा ह्यूमचा संवाद आपण विद्यार्थ्यांना समजावून दिला, तशीच त्याला रीड व स्ट्युअर्ट यांनी दिलेली प्रत्युत्तरेही सांगितली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, पटकीने त्यांचे निधन झाले.

उपनिषदांचा वारसा लाभलेल्या आपल्या भूमीला संवाद परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना धोंडिबा व जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांचीच योजना केली.

वर्गात एखादा विद्यार्थी अडचणीचा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला गप्प बसविणे सोपे असते. दोन्ही बाजू त्याच्यापुढे ठेवून निर्णय त्याच्या विवेकावर सोपविणे कठीण असते. डेरोझिओंनी हा कठीण मार्ग पत्करला. ज्ञानमंदिर म्हणविणाऱ्या प्रत्येक शाळेची कसोटी याच क्षणी लागत असते.