मंचुरियनच्या बशीमागे

चिकन मंचुरियन मंचुरियातलं नाही, बरं का! १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी ते प्रथम केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली. त्यात सोया सॉस नि कॉर्नफ्लॉवर. वँग जन्मानं कलकत्त्याचे. तिथल्या चिनी वस्तीला १९६२ विसरता येणार नव्हतं. युद्ध पेटताच देशातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना खटल्याविना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांत इथंच जन्मलेली पोरंही होती. गुन्हा कोणता? तर आजोबांचा देश! काही जण १९६७पर्यंत आत होते. सुटल्यावर कित्येकांना घर-दुकान परत मिळालं नाही. पुष्कळ जण कॅनडाला गेले. मागं राहिलेल्यांपैकी टांगऱ्याच्या चामडे कमावणाऱ्यांनी पुढं हॉटेलं काढली. तिथं मात्र रविवारी टेबल मिळेना.