एसजीपीटी ‘नॉर्मल’ : हा ४० चा आकडा आला कुठून?

आरमोरीत रक्तदान केल्यावर किंवा गरोदरपणाच्या तपासणीत अनेकांना अचानक कळते, ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह’. त्रास काहीच नसतो. एसजीपीटी ३५ येते, कागदावर ‘४० पर्यंत नॉर्मल’ छापलेले असते आणि फाईल कपाटात जाते. तुमचीही गेली असेल, तर हे वाचा.

एसजीओटीची तपासणी न्यूयॉर्कमध्ये १९५४-५५ च्या सुमारास पुढे आली, तीही हार्ट अटॅक ओळखण्यासाठी! मागोमाग लिव्हरसाठी एसजीपीटी आली. नॉर्मलची मर्यादा ठरली निरोगी दिसणाऱ्या लोकांवरून. पण ब्लमबर्ग यांचे ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ जाहीर झाले १९६५ मध्ये, आणि त्याचा संबंध हिपॅटायटिस बी शी आहे हे कळायला आणखी काही वर्षे गेली. हिपॅटायटिस सी तर १९८९ चा. म्हणजे सुरुवातीच्या त्या ‘निरोगी’ लोकांत छुपे रुग्ण वगळायची सोयच नव्हती. २००२ मध्ये मिलानच्या प्राती आणि सहकाऱ्यांनी रक्तदात्यांमधून कमी धोक्याचे लोक निवडून हिशेब पुन्हा मांडला. मर्यादा आली पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९. लॅबच्या कागदांवर मात्र अजून ४० च दिसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एसजीपीटी सांगते आज पेशी किती फुटताहेत. इतक्या वर्षांत लिव्हरमध्ये व्रण किती साचला, हे ती सांगत नाही. दिल्लीच्या डॉ. सरीन यांच्या गटाने २००८ मध्ये, सतत नॉर्मल एसजीपीटी असलेल्यांच्या बायोप्सीतही काहींमध्ये लक्षणीय व्रण दाखवले.

प्रत्येकाला सुई टोचणे शक्य नाही. म्हणून २००३ मध्ये ‘एप्री’ हा हिशेब आला, मुळात हिपॅटायटिस सी साठी. एसजीओटीला लॅबच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा, मग प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने भागा. एसजीओटी ३८, मर्यादा ४०, प्लेटलेट दीड लाख : उत्तर ०.६३. दोन्ही रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांनुसार ०.५ च्या वर असेल तर, एसजीपीटी कितीही असो, उपचाराचा विचार करायचा.

आपल्या भागासाठी एक इशारा : मलेरियात प्लेटलेट उतरतात, सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटून एसजीओटी वाढते. तेव्हा एप्री फसवते. ताप उतरल्यावर पुन्हा तपासा. सिकलसेल असेल तर फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. विषाणूचे प्रमाण सांगणारी डीएनए तपासणीही हवीच. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि जाताना जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या, नॉर्मल आलेलेसुद्धा.