आपल्याच अंगणातली शर्यत

मोनाकोची शर्यत म्हटलं की डोळ्यांसमोर यॉट, कॅसिनो आणि चकचकीत रील्स येतात. पण हा ट्रॅक जन्माला आला तो एका नकारातून.

1920 च्या दशकात मोनाकोच्या मोटार क्लबला राष्ट्रीय क्लब म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता हवी होती. त्यांची माँटे कार्लो रॅली 1911 मध्येच सुरू झाली होती, पण तिच्या गाड्या धावायच्या दुसऱ्या देशांच्या रस्त्यांवर. स्वतःच्या हद्दीत एकही स्पर्धा नाही, म्हणून मान्यता नाही! आणि हद्द केवढी? दोन चौरस किलोमीटरपेक्षाही कमी. वेगळा ट्रॅक बांधायला जागा आणायची कुठून?

क्लबच्या अँटनी नोगेसने मग गावातले रस्तेच एकमेकांना जोडले. बंदराजवळून निघायचं, चढ चढून कॅसिनोपाशी यायचं, स्टेशनाकडे उतरायचं आणि बोगद्यातून पुन्हा बंदरावर. एक फेरी 3.18 किलोमीटरची. काही ठिकाणी तर ट्रामचे रूळही होते.

14 एप्रिल 1929 ला 16 गाड्या 100 फेऱ्यांसाठी सुटल्या. कोण कुठून सुटणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. रुडॉल्फ काराचिओलाची अजस्र मर्सिडीज काही काळ पुढे होती, पण मध्ये थांबण्यात तिची चार मिनिटांहून जास्त गेली. विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सची बुगाटी जिंकली, ताशी सरासरी 80 किलोमीटरने. मोनाकोला मान्यताही मिळाली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. चालू सिस्टिम बंद न पाडता तिच्यात नवं काही बसवणं किती अवघड असतं, हे रोज बघतो. मुख्य मार्ग लवकर जुळतो. काही बिघडलं तर काय, याचं उत्तर मात्र उशिरा सापडतं. इथेही तेच झालं. 1955 मध्ये अल्बर्टो अस्कारी गाडीसकट बंदराच्या पाण्यात गेला, पोहून वाचला. 1967 मध्ये बंदराजवळच लॉरेन्झो बांदिनीची गाडी उलटून पेटली. कडेला संरक्षणासाठी ठेवलेल्या गवताच्या गठ्ठ्यांनी आग आणखी भडकली. तीन दिवसांनी तो गेला. गठ्ठ्यांच्या जागी लोखंडी कठडे आले ते त्यानंतरच्या काही वर्षांत.

आज हे कठडे आणि प्रेक्षकांचे स्टँड उभारायला दरवर्षी कित्येक आठवडे लागतात. शर्यत संपली की सगळं उतरवतात आणि त्याच रस्त्यांवरून पुन्हा बस धावतात. शेवटच्या वळणाला नोगेसचं नाव आहे. रस्ता त्याने एकदाच आखला. त्या रस्त्याची कड आखायला पुढची चाळीसेक वर्षं गेली.