चौफुल्याला डावीकडे

मोबाइलवर नकाशे यायच्या आधीची गोष्ट. दौंडच्या आत्याने फोनवर सांगितलं, "चौफुल्याला डावीकडे वळ, लगेच आमचा रस्ता." आत्याचं माहेर शिरूर. ती न्हावऱ्यावरून यायची, त्यामुळे तिचं बरोबरच. मी निघालो पुण्याहून! डावीकडे वळलो आणि केडगाव ओलांडून शिरूरकडे चाललो की हो.

गेल्या महिन्यात हे पुन्हा आठवलं. आत्याने दौंडहून आजोबांना लिहिलेली पत्रं मी स्कॅन करतोय. रोज रात्री त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर जावी म्हणून नोडजेएसमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. फोल्डरचा पत्ता दिला "./पत्रे". मी चालवला की चाले. रात्री क्रॉन चालवी तेव्हा प्रत रिकामी! असा अर्धा पत्ता प्रोग्रामची फाईल कुठे आहे यावरून नाही, तर तो कुठे उभं राहून चालवला यावरून मोजला जातो. क्रॉन उभा होम फोल्डरमध्ये. शिवाय 'फोल्डर नसेल तर बनव' हेही मीच लिहिलेलं, त्यामुळे चूक दिसलीच नाही. मूळ डिस्क गेली तेव्हा कळलं. सहा महिन्यांचं काम पाण्यात. कागद शिरूरच्या पेटीत होते म्हणून वाचलो.

हा पेच जुनाच. १९६५ मध्ये मल्टिक्सच्या आराखड्यात फाईलींचं झाड मांडलं गेलं, तेव्हापासून मुळापासूनचा पूर्ण पत्ता आणि उभ्या जागेपासूनचा छोटा पत्ता, दोन्ही आहेत. युनिक्सने ते घेतलं: एक टिंब म्हणजे इथे, दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. २००९ मध्ये रायन डालने नोड आणलं, त्यातही तेच. छोटा पत्ता वाईट नाही. सगळं बिऱ्हाड दुसऱ्या मशीनवर हलवलं तर पूर्ण पत्ताच चुकतो. म्हणून आता "__डिरनेम" वापरून प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरपासून मोजतो.

गंमत म्हणजे आत्याच्या पाकिटांवर पत्ता नेहमी पूर्ण: शिरूर (घोडनदी), जि. पुणे. बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. नुसतं 'शिरूर' लिहून कसं भागेल? श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. नंतरच्या पाकिटांवर ४१२२१० सुद्धा आहे.

असो. पुन्हा पहिल्या पत्रापासून स्कॅनिंग सुरू आहे. आत्याला ही रडकथा सांगितली, तर म्हणते, "मग कुठून येतोयस ते आधी नाही का सांगायचं!"