१४. एड्सनिदर्शक कर्करोग
एचआयव्हीबाधित व्यक्तीला झाल्यास संसर्ग एड्सच्या अवस्थेला पोचला असे ज्यांवरून मानले जाते, ते तीन कर्करोग : त्वचेवर जांभळट डाग उमटवणारा व भारतात विरळा आढळणारा कापोसी सार्कोमा; लसीकाग्रंथींतील पांढऱ्या पेशींपासून उद्भवणारे नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे वेगाने वाढणारे प्रकार; आणि १९९३ साली या यादीत आलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग. मानेतील वा काखेतील गाठ क्षयाचीही असू शकते, म्हणून निदानासाठी गाठीच्या पेशींची तपासणी अटळ ठरते. एचआयव्हीबाधितांत दिसणारे ‘रक्त कमी होणे’ हा मात्र कर्करोग नव्हे. विषाणूमुळे अस्थिमज्जा दुबळी झाल्याने हिमोग्लोबिन व बिंबाणू (प्लेटलेट) घटतात, तर झिडोवुडिन या औषधानेही काही रुग्णांत रक्तक्षय होतो व तेव्हा औषध बदलावे लागते. १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक उपचार, मोफत मिळू लागले व ते नियमित घेतल्यास कापोसी सार्कोमा आणि लिम्फोमा यांचा धोका बराच घटतो. म्हणूनच बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात महिनोन्‌महिने जाणाऱ्या बाधितांच्या गोळ्यांत खंड न पडणे हा जिवाचा प्रश्न आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका बाधित स्त्रियांना सुमारे सहापट असल्याने वयाच्या २५ व्या वर्षापासून त्यांची नियमित तपासणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.