सागाची विरळणी आणि आज्ञावलीची फेररचना

१/ आलापल्लीच्या सागवनात विरळणी होते, तेव्हा कुऱ्हाडीआधी खुणांकन होते: कोणते झाड जायचे, कोणते राहायचे. झाडे कमी होतात, वन टिकते. संगणकाच्या आज्ञावलीतही असेच एक काम असते, 'रिफॅक्टरिंग': वर्तन तेच, मांडणी नवी. त्याचा हा संक्षिप्त इतिहास.

२/ १९७६. आयबीएममधील मायकेल फेगन यांनी आज्ञावलीच्या सामूहिक तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला दोष सहकाऱ्याला दिसतो, हा तिचा आधार.

३/ १९९२. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम ऑपडाइक यांनी राल्फ जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिला. प्रत्येक बदलापूर्वी कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्यात, हे त्यात निश्चित केले. नाव बदलायचे? मग नवे नाव आधीच वापरात नाही ना, हे प्रथम पाहा.

४/ तेथेच जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी 'रिफॅक्टरिंग ब्राउझर' घडवला. आरंभीचे स्वतंत्र साधन त्याचे कर्तेही क्वचितच वापरत. रोजच्या लेखनाच्या खिडकीत ते सामावले, तेव्हा वापर वाढला. फेररचनेचे स्वतःचे नियमही त्यात लिहिता येत.

५/ आपल्याकडे, पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रातही आज्ञावली-विश्लेषणाची साधने घडली.

६/ साधन अटी तपासते; बदल मुळात हवा का, हे ते सांगत नाही. ते खुणांकन माणसांनी एकत्र बसूनच करायचे असते.