व्हँकुव्हरच्या विमानतळावरील दहा तास

मनुष्याच्या हाती एखादे नवे शस्त्र येते, तेव्हा ते कोणत्या हेतूने निर्माण झाले हा एक प्रश्न असतो आणि पुढे ते कोणावर चालविले गेले हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत केवढे अंतर पडू शकते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने टेसर या विद्युत्-शस्त्राचा इतिहास अवश्य चाळावा. हा इतिहास फार जुना नाही. अवघ्या अर्ध्या शतकाचा आहे.

जॅक कव्हर हे अमेरिकेतील एक भौतिकशास्त्रज्ञ. चांद्रमोहिमेच्या कामाशी त्यांचा संबंध होता. १९६० नंतरच्या दशकात त्या देशात विमाने पळवून नेण्याचे प्रकार वाढले. उडत्या विमानात बंदूक झाडावी तर विमानाचेच कवच फुटण्याचे भय, आणि न झाडावी तर अपहरणकर्ता मोकळा! माणूस जागच्या जागी खिळेल परंतु मरणार नाही, असे साधन शोधून काढण्याच्या खटपटीस कव्हर लागले आणि १९७४ च्या सुमारास त्यांचे शस्त्र सिद्ध झाले. टॉम स्विफ्ट या किशोरनायकाची विजेच्या बंदुकीविषयीची एक साहसकथा १९११ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्या नावातील आद्याक्षरे जुळवून, मध्ये एक अक्षर पदरचे घालून, कव्हर यांनी आपल्या शस्त्राचे ‘टेसर’ असे नामकरण केले.

या शस्त्राच्या तोंडातून दोन अणकुचीदार शलाका सुटतात व त्यांच्यामागे बारीक तारा उलगडत जातात. शलाका अंगात किंवा वस्त्रात रुतल्या की तारांमधून विजेचे स्पंद वाहू लागतात, स्नायू आपोआप आकसतात आणि धडधाकट माणूसही जागच्या जागी कोसळतो. एकदा घोडा ओढला की हा प्रवाह सामान्यतः ५ सेकंद चालतो. घोडा दाबून धरल्यास तो पुढेही चालूच राहतो. आरंभी शलाका फेकण्यासाठी बंदुकीची दारू वापरीत असत. त्यामुळे अमेरिकन सरकारने या शस्त्राची गणना अग्निशस्त्रांत केली आणि त्याचा प्रसार खुंटला. १९९३ साली स्मिथ बंधूंनी ते हाती घेतले व दारूऐवजी दाबलेला नायट्रोजन वायू योजला. १९९९ साली पोलिसांसाठी अधिक जोरकस नमुना निघाला, आणि थोड्याच वर्षांत अनेक देशांतील पोलिसांच्या कमरेला तो दिसू लागला. कॅनडातील रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या राष्ट्रीय दलाने हे शस्त्र २००१ साली स्वीकारले.

या प्रसारामागील युक्तिवाद साधा होता. जेथे एरवी पिस्तूल काढावे लागले असते तेथे टेसर काढले, तर एक जीव वाचेल. हा युक्तिवाद खोटा होता असे म्हणता येणार नाही. कित्येक प्रसंगी तो खराही ठरला. परंतु पिस्तुलाकडे हात नेताना पोलिसाचे मन ज्या विचाराने कचरते, तो विचार या ‘सौम्य’ शस्त्राच्या बाबतीत हळूहळू विरळ होत गेला. पिस्तुलाऐवजी म्हणून आलेले शस्त्र समजावणीऐवजी, धीराऐवजी वापरले जाऊ लागले. व्हँकुव्हरच्या विमानतळावर जे घडले ते हेच.

रॉबर्ट जेकान्स्की हा पोलंडमधील ४० वर्षांचा कामगार. त्याची आई कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कॅमलूप्स या गावी राहत असे. मुलाने कायमचे आपल्याजवळ येऊन राहावे, ही तिची इच्छा अखेर फळास येत होती. १३ ऑक्टोबर २००७ रोजी दुपारी तीनच्या सुमारास रॉबर्ट व्हँकुव्हरला उतरला. विमानात बसण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि त्याला पोलिश भाषेवाचून दुसरी भाषा येत नव्हती.

सामान मिळते तेथे थांब, मी तेथेच भेटेन, असे आईने त्याला सांगून ठेवले होते. परंतु सामानाची जागा कस्टम्सच्या बंदिस्त भागात असते आणि तेथे बाहेरच्या माणसास प्रवेश नसतो, हे तिला ठाऊक नव्हते. मुलगा आत थांबून राहिला, आई बाहेर थांबून राहिली. मध्ये काही भिंती आणि दारे एवढेच काय ते अंतर. आईने वारंवार विचारपूस केली. रात्री दहाच्या सुमारास तुमचा मुलगा येथे नाही असे तिला सांगण्यात आले, आणि ती माउली सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या आपल्या गावी परत निघाली. त्या वेळी मुलगा त्याच इमारतीत होता.

मध्यरात्र उलटल्यावर कागदपत्रांचे सोपस्कार संपले आणि रॉबर्ट बाहेरच्या दालनात आला. तेथे आई नव्हती. दीर्घ प्रवासाने तो शिणला होता, गोंधळला होता, भ्यालेला होता. तो खुर्च्या हलवू लागला, एक लहान मेज त्याने आपटले, संगणक खाली फेकला. तेथे असलेल्या एका स्त्रीने हातवारे करून त्याला शांत करण्याचा प्रयत्न केला. पोलिश जाणणारा दुभाषी मात्र अखेरपर्यंत आला नाही. स्वभाषेच्या मुलखाबाहेर ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या आहेत, त्यांना या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. समोरच्या अधिकाऱ्यास आपला शब्द कळत नाही आणि त्याचा आपल्याला, अशा वेळी मनुष्य आपोआप संशयित ठरतो.

रात्री दीडच्या सुमारास चार पोलीस आले. ते येऊन सुमारे अर्धे मिनिट झाले असेल नसेल, तोच टेसर चालले. रॉबर्टने त्या वेळी मेजावरील एक स्टेपलर हाती घेतला होता. विजेचा धक्का बसताच तो किंचाळत खाली कोसळला. त्यानंतर टेसर आणखी चार वेळा चालविण्यात आले. पालथ्या पडलेल्या रॉबर्टच्या हातांत बेड्या पडल्या, आणि तेथेच त्याचा प्राण गेला. त्याच्या रक्तात मद्य किंवा अमली पदार्थ यांचा लवलेश आढळला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोलिसांची निवेदने सुरू झाली. टेसर दोनदा चालविले असे आरंभी सांगण्यात आले. पोलीस चार नव्हते, तीन होते, असेही सांगितले गेले. मृत मनुष्य झुंजत होता, असे चित्र रंगविण्यात आले. हेच कदाचित इतिहास म्हणून नोंदले गेले असते. परंतु तेथील एका प्रवाशाने सारा प्रसंग आपल्या कॅमेऱ्यात टिपला होता. पोलिसांनी ती चित्रफीत त्याच्याकडून घेतली व परत देण्यास टाळाटाळ केली. त्याने न्यायालयाचा मार्ग धरण्याचा इशारा दिला, तेव्हा कोठे ती त्याच्या हाती आली. नोव्हेंबर २००७ मध्ये ती जगाने पाहिली आणि अधिकृत निवेदनाचा डोलारा कोसळला.

असे असूनही, डिसेंबर २००८ मध्ये प्रांताच्या सरकारी अभियोक्त्यांनी चौघांवर खटला भरण्यास नकार दिला. मात्र दरम्यान निवृत्त न्यायमूर्ती थॉमस ब्रेडवुड यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली होती. ही चौकशी उघडपणे, लोकांच्या समक्ष चालली आणि चारही पोलिसांना शपथेवर साक्ष द्यावी लागली. स्टेपलर घेतलेल्या माणसापासून आपल्याला धोका वाटला, त्याला झटापट करून खाली पाडावे लागले, अशा आशयाची त्यांची विधाने होती. चित्रफितीत तर तो पहिल्या धक्क्यासरशीच पडलेला दिसत होता. जून २०१० च्या अहवालात ब्रेडवुड यांनी टेसरचा वापर समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला, आणि पोलिसांची विधाने हेतुपुरस्सर केलेला विपर्यास आहेत असेही नमूद केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोलीस दलाने आईची जाहीर क्षमा मागितली होती.

यानंतर जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. २०११ साली चौघांवर खटले भरण्यात आले ते मनुष्यवधाचे नव्हेत, तर खोट्या साक्षीचे. दोघे निर्दोष सुटले. २०१५ साली, टेसर चालविणारा पोलीस व त्या पथकातील वरिष्ठ अधिकारी हे दोषी ठरले. पहिल्यास ३० महिन्यांची आणि दुसऱ्यास दोन वर्षांस एक दिवस कमी अशी कैद झाली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांची अपिले फेटाळली. रॉबर्टच्या मृत्यूबद्दल मात्र आजतागायत कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. कायद्याने शिक्षा केली ती खोटे बोलण्याला. विजेच्या त्या पाच आघातांना नव्हे.

तरीही ही चौकशी व्यर्थ गेली असे समजणे अन्यायाचे होईल. कोणास शारीरिक इजा होत असेल किंवा तत्क्षणी होणार असेल, तरच टेसर वापरावे. बोलून अथवा सौम्य उपायाने काम होण्यासारखे असेल तर वापरू नये. प्रवाह सामान्यतः ५ सेकंदांपलीकडे नेऊ नये. मनःक्षोभ झालेल्या माणसाशी कसे वागावे याचे शिक्षण प्रत्येक पोलिसास द्यावे, असे ब्रेडवुड यांनी २००९ च्या पहिल्या अहवालातच सुचविले होते. प्रांताने या शिफारशी स्वीकारल्या आणि तेथील टेसरचा वापर झपाट्याने घटला. पोलिसांच्या हातून मृत्यू घडल्यास पोलिसांनीच तपास करावयाचा, ही रीतही मोडली. त्यासाठी २०१२ साली ब्रिटिश कोलंबियात स्वतंत्र तपास-कार्यालय सुरू झाले.

इतरत्र हा धडा पोहोचण्यास मात्र आणखी बळी पडावे लागले. १५ ऑगस्ट २०१६ रोजी इंग्लंडमधील टेलफर्ड येथे डॅलियन अ‍ॅटकिन्सन या माजी फुटबॉलपटूवर टेसर चालविण्यात आले. तो आजारी होता व त्याचे मन थाऱ्यावर नव्हते. अखेरच्या वेळी प्रवाह ३३ सेकंद, म्हणजे नेहमीच्या सहापटींहून अधिक काळ चालू होता. खाली पडल्यावर त्याच्या डोक्यावर लाथाही बसल्या. २०२१ साली संबंधित पोलिसास सदोष मनुष्यवधाबद्दल ८ वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये कामावरील पोलिसास या गुन्ह्याखाली दोषी ठरविण्याची तीस वर्षांहून अधिक काळातील ती पहिलीच वेळ. ऑस्ट्रेलियात कूमा येथील वृद्धाश्रमात मे २०२३ मध्ये ९५ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजीबाईंवर हे शस्त्र चालले. चालण्यासाठी आधाराची चौकट, हातात एक सुरी आणि वजन ४८ किलोंहूनही कमी! त्या पडल्या, डोक्यास मार लागला व आठवड्याभरात त्यांचे निधन झाले. २०२४ साली ज्यूरीने पोलिसास सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. २०२५ मध्ये त्याला तुरुंगवासाऐवजी समाजसेवेची शिक्षा झाली, आणि ती वाढवावी यासाठी केलेले अपील त्याच वर्षी फेटाळले गेले.

तीन देश आणि तीन न्यायनिवाडे. पैकी एकही दुसऱ्यासारखा नाही. परंतु तिन्ही प्रसंगांतील माणसे सारखीच होती. कोणी भाषेवाचून मुके झालेले, कोणी आजाराने भ्रमिष्ट, कोणी वार्धक्याने विस्मृतीत गेलेले. आज्ञा ऐकून ती पाळण्याची शक्तीच ज्यांच्यापाशी नव्हती, त्यांच्यावर आज्ञाभंगाचे शस्त्र चालले. म्हणून अशा प्रत्येक चौकशीत घोडा ओढल्याच्या क्षणापाशी थांबून भागत नाही. त्याच्या आधी काय केले, कोणास बोलाविले, किती वाट पाहिली, याचाही जाब विचारावा लागतो. व्हँकुव्हरला पोलीस अर्धे मिनिट होते. विमानतळ मात्र दहा तास होता. त्या दहा तासांत पोलिश जाणणारा एक मनुष्य मिळाला असता, तर भिंतीपलीकडे थांबलेल्या आईस मुलगा भेटला असता आणि चार पोलिसांना त्या रात्री तेथे येण्याचे कारणच पडले नसते.